जांघेतली गाठ : सगळा दोष ओझ्याचा नसतो

‘पोतं उचललं आणि जांघेत काहीतरी उतरलं.’ हर्नियाचे, म्हणजे अंतर्गळाचे, अनेक रुग्ण डॉक्टरांना हेच सांगतात. खरे तर तो कमकुवतपणा बऱ्याचदा कित्येक वर्षे आधीपासूनच असतो. ओझ्याने तो फक्त उघडा पडतो.

गर्भात मुलाचे वृषण पोटात तयार होतात आणि जांघेतल्या अरुंद वाटेने खाली उतरतात. त्यांच्यासोबत पोटाच्या अस्तराची एक पिशवी खाली येते. ती नंतर बुजायला हवी, पण काहींची बुजत नाही. मग विशी-तिशीत, कधी साठीतही, आतड्याचा किंवा चरबीचा भाग तिच्यात सरकतो. पुरुषांत हा आजार बायकांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो, त्याचे मोठे कारण हीच वाट. उजवा वृषण सहसा उशिरा उतरतो, म्हणून उजवीकडचा हर्निया अधिक आढळतो.

दुसऱ्या प्रकारात त्या वाटेची मागची भिंतच झिजते. स्नायूंच्या आवरणाला बळकटी देणारे कोलॅजन वयानुसार कमी पडते. धूम्रपानाने ते आणखी खराब होते. काही घराण्यांत ते मुळातच नाजूक असते, म्हणून वडिलांना किंवा भावाला हर्निया असेल तर आपणही सावध राहावे.

अशा भिंतीवर रोज आतून दाब पडत राहतो. जुनाट खोकला, बद्धकोष्ठतेमुळे कुंथणे, प्रोस्टेट वाढल्याने लघवीला जोर लावणे, पोटात पाणी साठणे ही त्याची कारणे. हमाली किंवा वर्षानुवर्षांचे अवजड काम यांचाही वाटा असू शकतो. मात्र एकदाच उचललेल्या वजनावर सगळे खापर फोडता येत नाही.

म्हणूनच खोकला अंगावर काढू नका, विडी-सिगारेट सोडा आणि लघवीचा त्रास ‘वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नका. उभे राहिल्यावर दिसणारी आणि आडवे झाल्यावर आत जाणारी गाठ लाजेपोटी लपवू नका. बायकांनी तर मुळीच नाही. मांडीच्या मुळाशी होणारा हर्निया त्यांच्यात अधिक आढळतो आणि तो लवकर अडकतो. गाठ आत जाईनाशी झाली, घट्ट होऊन दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. अशा वेळी पट्टा बांधून किंवा शेक देऊन वाट पाहू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.