चेंडूची सावली

दिवाळीच्या सुट्टीत नंदुरबारला बहिणीकडे होतो. गावाबाहेर मिरचीच्या पथारी पडल्या होत्या. वारं फिरलं की घरात ठसका लागायचा, म्हणून खिडक्या लावलेल्या. आठवीतला भाचा जुना लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसला. "मामा, विटा फोडायचा गेम बनवू. पण थ्रीडी."

आमच्या पिढीने हा खेळ डीएक्स-बॉलमध्ये खेळलाय. तो 1996 सालचा, पण मूळ त्याहून वीस वर्षं जुनं. 1976मध्ये अटारीने ब्रेकआउट आणला तेव्हा पडदा काळापांढरा होता; विटांचे रंग म्हणजे पडद्यावर लावलेल्या सेलोफेनच्या पट्ट्या. हे ऐकून भाचा खूश झाला. फसवाफसवी पहिल्यापासूनच चालत आली आहे म्हणे.

सपाट खेळात चेंडूच्या जागेचे आकडे दोन, आडवा आणि उभा. भिंतीला आदळला की त्या दिशेच्या वेगाचं चिन्ह उलटवायचं, अधिकाचं उणे. थ्रीडीत खोलीचा तिसरा आकडा येतो, बाकी हिशेब तोच. बोगद्यासारखी खोली, तिच्या टोकाला विटांची भिंत आणि आपल्या हातात काचेसारखी पारदर्शक फळी. हे सगळं संध्याकाळपर्यंत उभं राहिलं, पण खेळता काही येईना. चेंडू जवळ आला म्हणून फळी सरकवावी तर तो अजून लांबच. लांब आहे म्हणून थांबावं तर बाजूने निघून गेलेला. मैदानावर झेल घेताना दोन डोळे अंतराचा अंदाज देतात. इथे दोन्ही डोळ्यांपुढे एकच सपाट काच.

भाच्याने चेंडू चकचकीत केला, दिवे वाढवले. दिसायला झकास, उपयोग शून्य. शेवटी आम्ही जमिनीवर, चेंडूच्या बरोबर खाली, एक काळा ठिपका ठेवला. सावली म्हणायची, पण ती कुठल्याच दिव्याची नव्हे. तो ठिपका जमिनीवरच्या रेघा ओलांडत येऊ लागला आणि चेंडू कुठे आहे ते पाहताक्षणी कळू लागलं. इतका वेळ घालवलेल्या चकाकीपेक्षा हा ठिपका शहाणा निघाला.

मग चेंडू मधूनच विटेतून आरपार जाऊ लागला. हे भूत मात्र गणिताने उतरलं. वेग सेकंदाला 12 मीटर, चित्रं सेकंदाला 60. म्हणजे चेंडूची एक उडी 20 सेंटिमीटरची. वीट 10 सेंटिमीटर जाड, चेंडू 6चा. 16 सेंटिमीटरच्या पट्ट्यात चेंडू सापडला तर टक्कर, उरलेल्या 4मध्ये नाही. सरळ मारलेला दर पाचातला एक चेंडू पहिल्या विटेला न शिवता पलीकडे! प्रत्येक उडीचे दोन तुकडे केले, दोन्ही वेळा टक्कर तपासली, संपलं.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा मित्र आला. त्याचे आईवडील दिवाळीनंतर गुजरातेत वीटभट्टीवर जातात. हाही दोन हंगाम तिकडे राहून आलेला. त्याने खेळाकडे पाहिलंच नाही, आधी भिंत पाहिली.

"ही पडेल. सांध्यावर सांधा आलाय."

"गेममध्ये पडत नाही रे," भाचा म्हणाला.

"मग भिंत कशाला म्हणतो?"

मला हसू आलं, पण पोराचं बरोबर होतं. दर दुसरा थर अर्ध्या विटेने सरकवला, मागेही तशीच आणखी एक भिंत रचली. खेळच बदलला. आता एक वीट फुटली की वरच्या थरातल्या दोन अर्ध्या-अर्ध्या उघड्या पडायच्या, आणि चेंडू कडेला घासून भलतीकडेच वळायचा.

रात्री मित्राच्या हातून एक तिरका फटका बसला. चेंडू फटीतून शिरून दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत अडकला. चेंडू दिसेना, सावलीही विटांमागे गेलेली. नुसतं टक, टक, टक-टक. कोपऱ्यातला गुणांचा आकडा पळत सुटला. आम्ही तिघंही फळी सोडून कान देऊन बसलो.