शेवग्याचा पाला बांधावर टाकू नका: व्हिटॅमिन ए चा ‘उतारा’ समजून घ्या



शेवग्याच्या छाटणीची कामं सध्या चालू आहेत. शेंग बाजारात जाते आणि छाटलेला पाला शेळ्यांपुढे पडतो, नाहीतर बांधावर वाळून जातो. “पाल्याची पावडर विकतात म्हणे, त्यात एवढं असतं तरी काय?” असं काही सभासदांनी विचारलं आहे. म्हणून आजचा मेसेज थोडा मोठा आहे. निवांत वाचा आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

*🌿 पाल्यात व्हिटॅमिन ए नसतं, त्याचा कच्चा माल असतो*

तयार व्हिटॅमिन ए फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं: दूध, तूप, अंडी, कलेजी. भाजीपाल्यात आणि फळांत असतं ते बीटा कॅरोटीन. ते पोटात गेल्यावर आपलं शरीर त्यापासून व्हिटॅमिन ए बनवतं. शेतात ऊस असतो, गूळ गुऱ्हाळात होतो, तसंच हे.

उसाला जसा उतारा असतो तसा यालाही आहे. जेवणातल्या साधारण 12 मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीनपासून 1 मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन ए मिळतं असं धरतात. हा उतारा वाढवणं किंवा घालवणं बरंचसं आपल्या हातात आहे.

*🐃 गोठ्यातलं उदाहरण*

गाय आणि म्हैस एकाच रानातला हिरवा चारा खातात, पण गाईचं तूप पिवळं आणि म्हशीचं पांढरं. गाईच्या दुधात थोडं कॅरोटीन तसंच उतरतं, त्याचा तो पिवळा रंग. म्हैस जवळपास सगळ्या कॅरोटीनचं व्हिटॅमिन ए करून टाकते आणि व्हिटॅमिन ए ला असा रंग नसतो. त्यामुळे पांढरं तूप म्हणजे व्हिटॅमिन ए नाही, असं समजू नका.

*🥕 कुठल्या पिकात मिळेल?*

✅ शेवग्याचा पाला (शेंगेपेक्षा पाल्यात कितीतरी जास्त), मेथी, पालक, माठ, राजगिरा
✅ गाजर, लाल भोपळा (डांगर), पिकलेली पपई, पिकलेला आंबा
✅ नारिंगी गराचं रताळं

पाल्यातही हाच नारिंगी रंग असतो, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेला. पान जेवढं गडद हिरवं, तेवढं कॅरोटीन साधारणपणे जास्त. कोबीचं आतलं पांढरं पान यात मागे पडतं.

❌ मात्र प्रत्येक रंग म्हणजे कॅरोटीन नाही. हळदीचा पिवळा आणि बीटचा लाल रंग वेगळ्या घटकांचा आहे, त्यापासून व्हिटॅमिन ए बनत नाही.

रताळ्याचं खास सांगतो. उपवासाला आपण खातो त्या पांढऱ्या गराच्या रताळ्यात कॅरोटीन फारच कमी असतं. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने ‘भू सोना’ हा नारिंगी गराचा वाण दिला आहे. त्यात 100 ग्रॅमला साधारण 14 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असतं.

*🍳 उतारा कसा वाढवायचा?*

1️⃣ *तेल हवंच.* कॅरोटीन पाण्यात नाही, तेला-तुपात विरघळतं. भाजीला चमचाभर तेलाची फोडणी द्या किंवा सोबत शेंगदाण्याचं कूट घाला. नुसतं उकडून खाल्लं तर बरंच कॅरोटीन अंगी लागत नाही.
2️⃣ *बारीक चिरा, झाकण ठेवून शिजवा.* शिजल्यावर पेशी फुटतात आणि कॅरोटीन मोकळं होतं. पण तासभर रटरट उकळू नका.
3️⃣ *शिजवलेलं पाणी फेकू नका.* त्यात व्हिटॅमिन सी आणि बी गटातली व्हिटॅमिन उतरलेली असतात. ते आमटीत घाला.
4️⃣ *लहान मुलांना जंताचं औषध वेळेवर द्या.* पोटात जंत असले तर खाल्लेलं अंगी लागत नाही.

*☀️ पाला वाळवताना उन्हात टाकू नका*

ऊन, हवा आणि जास्त उष्णता या तिन्हींनी कॅरोटीन उडतं. पाला स्वच्छ धुवा, पाणी निथळू द्या आणि सावलीत, हवेशीर जागी पातळ थरात पसरा. पान चुरचुरीत झालं की दळून हवाबंद, उजेड न लागणाऱ्या डब्यात ठेवा. पावडर हिरवीगार राहिली तर वाळवण नीट झालं. पिवळट किंवा तपकिरी पडली तर कॅरोटीनही गेलं आणि भावही गेला.

⚠️ *फवारलेल्या झाडाचा पाला खाऊ नका आणि वाळवूही नका.* औषधाच्या लेबलवर फवारणी ते तोडणी किती दिवस थांबायचं ते दिलेलं असतं, पण शेवग्याच्या बाबतीत ते बहुधा शेंगेसाठी असतं. त्यामुळे घराजवळची दोन झाडं बिनफवारणीची ठेवा. घरच्या खाण्याला तेवढी पुरतात.

*👁️ हे एवढं महत्त्वाचं का?*

व्हिटॅमिन ए कमी पडलं की आधी अंधारातली नजर जाते. दिवेलागणीनंतर मूल अडखळायला लागलं, समोरचं ताट चाचपडायला लागलं, तर तो रातांधळेपणा असू शकतो. तेव्हा भाजीवर भरवसा ठेवून थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या. दुर्लक्ष झालं तर डोळा कायमचा जाऊ शकतो. अशा मुलांना जुलाब आणि गोवरही जास्त त्रास देतात.

9 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना सरकारी लसीकरणात दर 6 महिन्यांनी व्हिटॅमिन ए चा डोस मोफत मिळतो. एकूण 9 डोस असतात. तुमच्या मुलाचे किती झाले ते आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा. ते डोस चुकवू नका आणि मेडिकलमधून मनाने गोळ्याही आणू नका. तयार व्हिटॅमिन ए जास्त झालं तर अपाय होतो, गरोदरपणात तर विशेष. भाजीपाल्याचं तसं नाही. शरीर गरजेपुरतंच व्हिटॅमिन ए बनवतं.

बाजारात पाठवायच्या मालातून घरासाठी एक जुडी बाजूला काढा. पाला वाळवायचा विचार असेल तर छाटणीच्या दोन दिवस आधी ग्रुपवर कळवा, जागा आणि पद्धत बघून सांगतो.

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌱