फ्रिज थंडी बनवतो का?

फ्रिज चालू असताना त्याच्या बाजूच्या पत्र्याला तळहात लावून बघा बरं. बऱ्याच फ्रिजचा पत्रा कोमट लागतो. आत बर्फ आणि बाहेर ऊब! कुठून आली ही ऊब? तुमच्या दुधाच्या पातेल्यातून, कोथिंबिरीच्या जुडीतून, उरलेल्या आमटीतून! फ्रिज थंडी बनवतच नाही मुळी. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो.

पण उष्णता मोठी हट्टी बरं का! ती आपणहून गरम वस्तूकडून थंड वस्तूकडेच जाते, उलटी कधीच नाही. उष्णतेच्या या स्वभावाचा नियम जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८५०च्या दशकात मांडला. विहिरीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला पंप लागतो ना, तसाच उष्णतेलाही लागतो. फ्रिजच्या मागे, तळाशी घूंऽऽ असा आवाज करणारा कॉम्प्रेसर म्हणजे तो पंप.

मग हा नियम फ्रिज मोडतो का? छे! इथेच तर खरी गंमत आहे.

हातावर सॅनिटायझर घेतला की गार वाटतं. द्रवाची वाफ होताना त्याला उष्णता लागते, ती तो तुमच्या हातातून घेतो. आजकालच्या कितीतरी फ्रिजच्या नळ्यांत आयसोब्युटेन असतो. नेहमीच्या हवेच्या दाबाला तो उणे १२ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतो! आतल्या नळीत तो दुधापेक्षाही थंड असतो, म्हणून दुधातली उष्णता आपणहून त्याच्याकडे जाते आणि त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ही वाफ जोरात दाबतो, तशी ती खोलीतल्या हवेपेक्षा गरम होते. आता उष्णता आपणहून खोलीत जाते आणि वाफेचा पुन्हा द्रव होतो. पुढे एका अगदी बारीक नळीतून जाताना त्याचा दाब उतरतो, तो गारठतो आणि परत आत कामाला लागतो. नियम कुठेच मोडला नाही!

या कामाची मजुरी म्हणजे वीज, आणि तिचीही शेवटी उष्णताच होते. समजा, आतून २०० ज्यूल उष्णता उचलली आणि वीज खर्च झाली १०० ज्यूल, तर बाहेर पडणार ३०० ज्यूल.

आता सांगा, बंद खोलीत फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होईल का? नाही! आत घेतलेल्या उष्णतेपेक्षा बाहेर टाकलेली नेहमीच जास्त, म्हणून खोली हळूहळू तापतच जाईल.