शाईनं लिहायचं की पेन्सिलीनं?

"ताई, बघा तरी, मोबाईलनं किती छान लिहून दिलंय!"

आमच्या मुळशीतल्या बचत गटाची पोर मोठ्या कौतुकानं सांगत होती. यंदा आंबेमोहोराची पाकिटं मोबाईलवरून विकायची ठरलेली. मी अर्धवेळ का होईना, शिक्षिका. म्हणून मजकूर शुद्धलेखनाला माझ्याकडे आला.

शुद्धलेखन चोख होतं. पण मजकूर? 'सेंद्रिय प्रमाणित, एक वर्ष जुना, मधुमेहींना निर्धास्त चालणारा मुळशीचा आंबेमोहोर!' अगं बाई, आपल्या खाचरात युरिया पडतो, भात यंदाचाच! तिनं एआयला सांगितलं होतं एवढंच: 'आंबेमोहोर, मुळशी, एक किलो.' उरलेलं त्यानं मनानं भरलं.

मैत्रिणींनो, एआय मुद्दाम खोटं बोलत नाही. असंख्य मजकूर वाचून कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द येतो, याचा ते अंदाज बांधतं. आपलं खाचर त्यानं पाहिलेलं नसतं. पंचाईत अशी, की खरी माहिती आणि अंदाज दोन्ही एकाच ठसक्यात सांगतं. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे. असलं वाचून कुणाच्या ताटात भाताची मूद मोठी झाली तर?

मग वर्गातली युक्ती केली. पुरावा दाखवता येईल ते शाईनं, बाकी पेन्सिलीनं लिहायचं.

वजन काट्यावर पाहिलं: शाई. कापणीचा महिना आपलाच: शाई. 'सेंद्रिय प्रमाणित'चं प्रमाणपत्र कुठाय? पेन्सिल. आंबेमोहोराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं. पण ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, ती आमची नाही. म्हणून पाकिटावर नको. मधुमेहाचं डॉक्टरांनी सांगावं; ते तर खोडलंच.

बियाणं विचारलं, तर दोघींच्या घरचं पोतं इंद्रायणीचं निघालं! इंद्रायणी आंबेमोहोराच्याच संकरातून आलेलं, सुवासिकही. पण आंबेमोहोर नव्हे. ती पाकिटं वेगळी केली.

विकत घेतानाही हेच करा. मोबाईलवरचं वर्णन बाजूला ठेवून पाकीट उलटा. पत्ता, पॅकिंगची तारीख, अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक पाहा. विक्रेत्याला सरळ विचारा, "हे कशावरून?"

पोर हिरमुसली होती. "ताई, एवढं खोडल्यावर घेणार कोण?" पहिल्या आठवड्यात पाकिटं कमीच खपली, खरं आहे. पण एका बाईंनी फोन करून विचारलं, "सेंद्रिय आहे का हो?" तेव्हा तीच पोर म्हणाली, "नाही काकू, थोडा युरिया घालतो." काकूंनी दोन किलो मागवला.