रेघ एकच, गेज तीन

स्वातंत्र्यापूर्वीचा देशाचा रेल्वे नकाशा पाहिला तर मराठवाडा काही अगदीच कोरा दिसत नाही. मनमाड–सिकंदराबाद मार्ग 1900 च्या सुमारासच औरंगाबाद, परभणी, नांदेडवरून गेला. पुढे मुदखेडहून भोकर, किनवटमार्गे आदिलाबादचा फाटा फुटला. त्यामुळे ‘आमच्याकडे रेल्वे उशिरा आली’ हे ठरलेलं गाऱ्हाणं मला पटत नाही. खरी गोम रुळांच्या रुंदीत आहे. आजचा लातूर जिल्हा आणि त्याच्या लगतचा भाग बघा. बार्शी लाइट रेल्वे 1911 साली लातूरला आली ती अडीच फुटी नॅरोगेजवर. उदगीर, लातूर रोडवरून परळीला गेलेला निजामाचा मार्ग ब्रॉडगेज, आणि परळीहून परभणीकडे निघालं की मीटरगेज. लातूर रोड तर नावापुरतंच लातूरचं. शहर तिथून तीसेक किलोमीटर लांब. मालक वेगळे, हिशेब वेगळे; जिल्ह्याचा विचार करून रूळ टाकायला तेव्हा हा जिल्हा होताच कुठे?

यावर कुणी म्हणेल, मीटरगेज स्वस्त होतं, ब्रॉडगेजचाच आग्रह धरला असता तर भोकरला रूळही दिसले नसते. मुद्दा रास्त आहे. पण बचत झाली ती एकदाच, बांधणाऱ्याची. भुर्दंड मात्र दर खेपेला, माल धाडणाऱ्याच्या माथी. नांदेड पट्ट्यातली कापसाची गाठ मुंबईला निघाली की मनमाडला मीटरगेजच्या डब्यातून उतरायची आणि हमालाच्या पाठीवरून ब्रॉडगेजच्या डब्यात चढायची. हमाली, खोळंबा, पावसात भिजलेला माल यांची नोंद नकाशात कुठून येणार? 1951 साली निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली, तरी मनमाडची ही अदलाबदल आणखी कित्येक वर्षं चालली.

आता सगळीकडे ब्रॉडगेज आहे, मग जुना नकाशा कशाला उकरायचा, असंही विचारलं जाईल. भोकरचा फाटाही 2000 नंतर रुंद झाला, हे खरं. मात्र गेज बदललं तरी वाट तीच राहिली. नांदेड ते लातूर हे रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आतलं अंतर. रेल्वेने जायचं तर आधी उलट पूर्णा, परभणी गाठायचं, मग परळी, लातूर रोड करत लातूर. लोहामार्गे थेट रुळांची मागणी जुनीच आहे.