एक नंबर टॉपला

पहाटे ४:४०
चेन्नईजवळ सिरुसेरीच्या सिपकॉट आयटी पार्कच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे. तिथे दहा चाकी टँकर उभा. टाटा २५१५. पंचवीस टनांची गाडी, दीडशे अश्वशक्तीचं इंजिन. नावातच हिशेब आहे. मागे अठरा हजार लिटरची टाकी, रिकामी. केबिनमधलं इंजिनवरचं झाकण उचलून बाजूला ठेवलंय. आत बल्ब लटकतोय.

मालक आणि ड्रायव्हर एकच. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मूळचे नामक्कलचे. तरुणपणी नॅशनल परमिटच्या लॉरीवर होते. लोखंड घेऊन कळंबोलीच्या स्टील मार्केटात यायचे, नंबर लागेपर्यंत पडून राहायचे. तिथेच हिंदी शिकले, कामापुरतं मराठीही.

"इंजिन थंड पायजे," ते मला सांगतात. "गरम झालं की लोखंड फुगतं. मग गेज खोटं बोलतं."

म्हणून पहाट.

५:१०
जुना फ्लेक्स जमिनीवर अंथरलाय. त्यावर रिंग पाने, बॉक्स पाने, लांब टॉमी, चिमटा, फीलर गेज, चिंध्या. गोणपाटात गुंडाळलेला डिझेल पंप. तो कालच दुरुस्तीच्या बेंचवरून आला. बिल अकरा हजार चारशे.

पंधरा दिवस गाडी ओढत नव्हती. भरल्या टाकीने चढ लागला की काळा धूर आणि दुसरा गिअर. पंप उतरवला तेव्हा आत दोन एलिमेंट झिजलेले निघाले. पंप बसवून टायमिंग जुळवायला मेकॅनिक साडेतीन हजार मागत होता, आणि परवा येतो म्हणाला. साडेतीन हजारांपेक्षा तो परवा महाग पडला असता. गाडी दिवसाला पाच फेऱ्या करते. एका फेरीचे बावीसशे येतात. त्यातून बोअरवेलवाल्याला चारशे, मग डिझेल, मग फायनान्सचा हप्ता.

५:४०
हेल्पर पोरगा गाडीखाली आहे. त्याने फ्लायव्हीलला टॉमी लावलीय. अण्णा क्लीनरच्या बाजूने आडवे. उजवा हात कोपरापर्यंत पंपाच्या रिकाम्या जागेखाली गेलेला. तिथे गिअर केसच्या मागे एक छोटी पिन असते. दिसत नाही. बोटानेच शोधायची.

"मेल्ला," अण्णा म्हणतात. म्हणजे हळू. "मेल्ला, मेल्ला."

खालून टॉमी बोटभर सरकते. अण्णांचा अंगठा पिनेवर दाबलेला. चेहऱ्यावर घाम. परत बोटभर. पुढे गेली तर पुन्हा मागे घेऊन यायचं, कारण गिअरच्या दातांत थोडी ढील असते आणि ती एकाच बाजूला बसलेली हवी. असं तीनदा होतं. मग पिन आत शिरते.

"एक नंबर टॉपला."

पहिल्या सिलिंडरचा पिस्टन आता अगदी वर आहे, कॉम्प्रेशनवर. अण्णा त्याच्या दोन्ही रॉकरना बोटाने हलवून बघतात. दोन्ही ढिले, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. हीच जागा. इथून पुढे १-५-३-६-२-४ या क्रमाने सहाही पेटतात.

मग ते स्टिअरिंगला लाल चिंधी बांधतात. पिन प्लास्टिकची असते. ती आत असताना कुणी इंजिन फिरवलं तर मोडते, तुकडा गिअरमध्ये जातो. चिंधी सुटेपर्यंत चावीला हात लावायचा नाही.

६:३०
पंपाचं वजन वीसेक किलो असेल. दोघे मिळून तो आत घालतात. पंपालाही स्वतःची लॉकची पिन आहे. इकडे इंजिन अडकवलेलं, तिकडे पंप अडकवलेला, आणि मधला गिअर दोघांना जोडणारा. चार नट लागतात. गिअरचा नट आधी हलकाच आवळतात. मग दोन्ही पिना काढून घेतात आणि मगच पूर्ण जोर लावतात. पिनेच्या भरवशावर नट आवळायचा नाही.

चिंधी सुटते.

डिझेलला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन वर पोचण्याच्या जरा आधी डिझेलचा फवारा आत जायला हवा. उशिरा गेला तर पांढरा धूर, ओढ नाही, सायलेन्सर तापतो. फार लवकर गेला तर इंजिन कडकड वाजतं आणि पिस्टन मार खातो. या दोन्हींच्या मधली जागा अगदी चिंचोळी. ती रस्त्याकडेला फ्लेक्सवर आडवं पडून शोधून काढणारी माणसं मला फार मोलाची वाटतात.

७:१५
आयटी पार्कच्या बसगाड्या आत शिरायला लागल्यात. अण्णांचा फोन वाजतो. नावलूरची एक सोसायटी. नळाचं पाणी या पट्ट्यात अजून बऱ्याच सोसायट्यांना नाही, टँकर आला नाही तर दुपारी टाक्या तळाला. "दोन वाजता," अण्णा म्हणतात. फोन ठेवून माझ्याकडे बघतात. "२०१९ला तलाव आटले तेव्हा रात्रीसुद्धा झोप नव्हती. आता सोसायटीवाले झोपू देतात, पण दुसऱ्याला फोन करतात."

८:००
पोंगल, वडा, चहा. तिघांचे दोनशे दहा. अण्णा देतात, मला देऊ देत नाहीत.

८:३०
आता टॅपेट. सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, सहा वेगळी कव्हरं. इनटेकला ०.२५ मिलिमीटर फट, एक्झॉस्टला ०.५०. एक नंबर टॉपला असताना इनटेकचे १, २, ४ आणि एक्झॉस्टचे १, ३, ५ होतात. मग पूर्ण एक फेरा फिरवून उरलेले सहा.

फीलर गेजची पाती घालायची, स्क्रू फिरवायचा, मग तो धरून चेकनट आवळायचा. आवळताना स्क्रू केसभर फिरतोच. मग पुन्हा. पाती अडकायला नको, सैल जायलाही नको. ओढताना जराशी धरली पाहिजे. प्रत्येक व्हॉल्व्हला आधी पोरगा पाती ओढून बघतो, मग अण्णा. चार नंबरच्या एक्झॉस्टला पोरगा "सरी" म्हणतो. बरोबर. अण्णा ओढतात, काही न बोलता नट परत सोडतात आणि पाती त्याच्या हातात देतात. दुसऱ्यांदा तो जास्त वेळ घेतो. ऊन फ्लेक्सवर आलंय. घाई कुणीच करत नाही.

१०:४०
एका कव्हरचं गॅस्केट फुगलंय. पोरगा स्कूटरवर केळंबाक्कमला जातो. गॅस्केट साठ रुपये, पेट्रोल पन्नासचं.

११:३०
एअर काढणं. पंपाजवळचा हातपंप अण्णा दाबत राहतात, डिझेलमधले बुडबुडे थांबेपर्यंत. मग नोजलच्या पाइपांचे नट ढिले करून सेल्फ मारतात. एकेक नटातून डिझेल उडतं, एकेक नट आवळला जातो. पुन्हा सेल्फ. इंजिन दोनदा खोकतं. तिसऱ्यांदा पकडतं.

पांढरा धूर. मिनिटभरात विरतो. अण्णा सगळे नट चिंधीने कोरडे पुसतात आणि परत बघतात. दोन नंबरचा ओला होतो. पाव फेरा आवळतात. परत पुसतात. कोरडा.

१:०५
बोअरवेलवर टाकी भरतेय. अण्णांनी हात आधी डिझेलने धुतले, मग कपडे धुवायच्या पावडरीने. नखांत काळं राहिलंच.

१:५०
भरल्या गाडीने चढ. तिसरा गिअर, आणि तिसराच राहतो. आरशात धूर फिकट. अण्णा काही म्हणत नाहीत, फक्त ॲक्सिलेटर थोडा सोडून परत दाबून बघतात.

२:२०
सोसायटीत पाइप जोडला. वॉचमनने पावतीवर सही केली. अण्णा पोराला हजार रुपये देतात. मजुरी आठशेची. तो दोनशे परत करायला लागतो.

"टॉमी हळू फिरवलीस," अण्णा म्हणतात, आणि पुढचा नंबर लावतात. साडेचारला पाडूर. कबूल.