वरचं पत्र आणि नाक्यावरचा हवालदार

वेशीवरची माणसं : भाग 6

मुंबईकडून आलेल्या माणसाला नाशिकच्या द्वारका चौकात वाट निवडावी लागते. उजवीकडे वळलं की नाशिकरोड आणि पुणे. सरळ गेलं की आडगाव, ओझर, चांदवड, मालेगाव, धुळे. शिरपूर मागे पडून पळासनेर आलं की महाराष्ट्र संपत येतो आणि पुढे बिजासन घाटात मध्य प्रदेश. गाडीत डुलकी लागलेल्या प्रवाशाला ही हद्द एरवी कळतही नाही. ट्रकवाल्यांना ती पक्की ठाऊक असते, पण आरटीओ नाक्यांचं पुराण मागच्या भागात झालं. आज विषय माणसांचा.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबई-ठाण्याचे मजूर याच रस्त्याने चालू लागले. द्वारकेच्या उड्डाणपुलाखाली सावलीला टेकायचं, कुणी दिलेली खिचडी खायची आणि पुन्हा चालायचं. 29 मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाचं फर्मान आलं : राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद करा, महामार्गावरून माणसांची ये-जा होऊ देऊ नका, मालाची वाहतूक तेवढी चालू द्या. अंमलबजावणी झाली नाही, तर जबाबदार कोण? जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक, तेही व्यक्तिशः.

नाक्यावरच्या वागणुकीचं मूळ मला या शेवटच्या कलमात दिसतं. माणूस सोडला तर साहेबाला जाब विचारला जाणार. अडवला आणि तो उन्हात दोन दिवस बसून राहिला, तर त्याचा जाब कोण विचारणार? निवारा आणि जेवणाची सोय करा, असंही त्याच आदेशात होतं, पण धाक होता तो सीमा उघडी राहण्याचा. मग नाक्यावरचा हवालदार काय करणार? काठी आपटणार आणि ‘मागे फिरा’ म्हणणार. मागे म्हणजे कुठे, हे त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं. त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे. त्याने पत्र नीट पाळलं होतं.

कायद्याचा आधार होताच. देशभर कुठेही फिरण्याचा हक्क राज्यघटनेच्या 19व्या कलमात आहे आणि जनहितासाठी त्याला वाजवी मर्यादा घालण्याची मुभाही तिथेच आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 सालचा. साथरोग कायदा मात्र थेट 1897 चा, मुंबईच्या प्लेगमधला. रेल्वेने येणाऱ्या-जाणाऱ्यांची तपासणी करण्याचा अधिकार त्यात तेव्हापासून लिहिलेला आहे.

माल जाऊ शकतो आणि माणूस जाऊ शकत नाही म्हटल्यावर माणसाने काय करावं? तो माल झाला. 2 मे 2020 रोजी इंदूर-उज्जैन हद्दीवर पोलिसांनी काँक्रीट मिक्सरची एक गाडी थांबवली. फिरत्या टाकीच्या झाकणातून एकेक करत अठरा जण बाहेर आले. महाराष्ट्रातून लखनौला निघाले होते.

त्याआधी 29 एप्रिलला केंद्राने अडकलेल्यांना घरी जाऊ द्यायचं ठरवलं होतं, पण दोन्ही राज्यांची संमती झाली तरच. पहिल्या श्रमिक गाड्यांच्या यादीत नाशिकहून भोपाळ आणि लखनौच्या गाड्या होत्या. ज्यांना गाडी मिळाली नाही, ते बिजासनला जाऊन थडकले. आपली माणसं आत घ्यायला मध्य प्रदेश तयार होता. उत्तर प्रदेश-बिहारच्या लोकांना मात्र बसने पुढच्या सीमेवर नेऊन सोडायचं होतं. हजारो माणसं आणि मोजक्या बस. मे महिन्याच्या मध्यावर तिथे दगडफेक झाली. 9 जूनला सर्वोच्च न्यायालयाने मजुरांना 15 दिवसांत घरी पोचवा, टाळेबंदी मोडल्याचे त्यांच्यावरचे गुन्हे मागे घेण्याचा विचार करा, असं राज्यांना सांगितलं. तोवर बहुतेकांच्या चपला झिजून गेल्या होत्या.

पुढल्या वर्षी आपली बाजू उलटली. फेब्रुवारी 2021 पासून कर्नाटकने निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल मागायला सुरुवात केली. कागल-निपाणी हा तिथल्या लोकांचा बाजाराचा, कामाचा, सोयरिकीचा रोजचा रस्ता. मयतीला निघालेल्याने अहवालाची वाट किती वेळ पाहायची?

नाशिकने स्वतः नाकेबंदी केली तेव्हा काय झालं, हेही आठवून पाहावं. 2003 च्या कुंभात चेंगराचेंगरी होऊन 39 भाविक गेले. त्या धास्तीने 2015 च्या पहिल्या शाहीस्नानाला, 29 ऑगस्टला, पोलिसांनी इतकी बॅरिकेड्स लावली की गावातली माणसंच घराबाहेर पडेनात. बाहेरून आलेले म्हातारेकोतारे पिशव्या डोक्यावर घेऊन लांबून चालत आले. ओरड झाल्यावर 13 सप्टेंबरच्या स्नानाला दोर सैल केले. बंदोबस्त तेव्हाही मोठाच होता. फरक पडला तो कोणाला कुठून सोडायचं, हे ठरवल्यामुळे.

2027 च्या कुंभाचे आराखडे होत आहेत. द्वारकेवर, आडगाव नाक्यावर पुन्हा लोखंडी बॅरिकेड्स येतील आणि यायलाच हवीत. माझी मागणी एवढीच, की बंदोबस्ताच्या आदेशात अडवलेल्या माणसासाठीही एक रकाना असावा : त्याला कुठे पाठवायचं, बस कुठून सुटेल, पाणी आणि मुतारी कुठे, आणि हे नसेल तर कोणत्या अधिकाऱ्याला जाब विचारायचा. नावानिशी.

पुढच्या आठवड्यात गोव्याच्या वेशीवर, पत्रादेवीला जाऊ. ऑगस्ट 1955 मध्ये तिथला नाका दोन राज्यांमधला नव्हता. पलीकडे पोर्तुगीज शिपाई उभे होते.